मेंदूला न विचारता

घास चावायचा कसा आणि गिळायचा कधी, एवढंच आपल्या हातात असतं. घशाखाली उतरल्यावर तो कुठे थांबतो, कुठे घुसळला जातो, किती वेगाने पुढे सरकतो, याचा आपल्याला पत्ता नसतो. थक्क करणारी गोष्ट अशी, की यातल्या बऱ्याच निर्णयांसाठी आतड्याला मेंदूचीही गरज लागत नाही.

लंडनमध्ये 1899 साली विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेहुण्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या चेता तोडल्या. मग आतडं एका जागी चिमटलं. चिमटलेल्या जागेच्या वरचा, म्हणजे तोंडाकडचा भाग आवळला आणि खालचा सैलावला. वर आवळ, खाली वाट मोकळी. आतला ऐवज पुढेच जाणार! 1917 साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल ट्रेंडेलेनबुर्ग यांनी याच्याही पुढची पायरी गाठली. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा त्यांनी कोमट खारट द्रावणात ठेवला आणि आतला दाब हळूहळू वाढवत नेला. भिंत पुरेशी ताणली जाताच तुकड्यावरून लाट सरकली. ज्या प्राण्याचं ते आतडं, तो प्राणीच तिथे नव्हता. तरीही आतड्याला ताण कळला आणि काय करायचं तेही कळलं.

हे कळतं कुणाला? आतड्याच्या अस्तरात इतर पेशींमध्ये विखुरलेल्या काही खास पेशी असतात. अन्न घासून गेलं किंवा अस्तर दाबलं गेलं, की त्या सेरोटोनिन सोडतात. मनःस्थितीच्या संदर्भात आपण ज्याचं नाव ऐकतो तेच हे रसायन. शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन पचनमार्गात असतं! अस्तराखालच्या चेतातंतूंना त्याची खबर लागते. भिंत ताणल्याचं तर काही चेतापेशींना थेटच जाणवतं. स्नायूंच्या दोन थरांमध्ये या पेशींचं जाळं पसरलेलं आहे, अस्तराजवळ दुसरं. दोन्ही मिळून 10 कोटींहून जास्त चेतापेशी. तोंडाच्या दिशेने जाणारा निरोप स्नायूला आवळायला सांगतो, तो ॲसिटिलकोलीनच्या मदतीने. खालच्या दिशेचा निरोप सैल सोडायला सांगतो, तो मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडच्या मदतीने.

मेंदूशी बोलणं होतंच. पण व्हेगस या लांबलचक चेतेतले बहुसंख्य तंतू हुकूम खाली आणत नाहीत, पोटाची खबर वर नेतात. पोट रिकामं असतानाही काम सुरूच असतं. साधारण दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत जोरदार लाटा उरलंसुरलं झाडत जातात. पोटात कावळे ओरडतात त्यात या लाटांचाही वाटा असतो.

या जाळ्याचं मोल सर्वात स्पष्ट दिसतं ते हिर्शस्प्रुंग या आजारात. गर्भात आतड्याच्या चेतापेशी बहुतांशी तोंडाकडून गुदद्वाराकडे प्रवास करत जातात. सुमारे 5,000 बाळांमागे एकात हा प्रवास अपुरा राहतो आणि शेवटचा भाग चेतापेशींविना वाढतो. तिथे स्नायू असतो, रक्तपुरवठाही असतो. चेतापेशी नाहीत म्हणजे तो भाग लुळा पडेल असं वाटतं. पण तो आवळलेलाच राहतो. सैल सोड, असं सांगणारं तिथे कुणी नसतं. जन्मानंतरची काळपट शी वेळेवर होत नाही, पोट फुगतं. कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. पण फुगलेला वरचा भागच रोगी, असा समज पुढे कित्येक वर्षं टिकला. दोष खालच्या बारीक, निरोगी दिसणाऱ्या भागात आहे हे ओळखून बॉस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांनी 1948 मध्ये त्यावरची शस्त्रक्रिया मांडली.

आजही अशा शस्त्रक्रियेत बाळ टेबलावर असतानाच आतड्याच्या भिंतीचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो. चेतापेशी दिसल्या नाहीत, तर शल्यविशारद आणखी वरचा तुकडा पाठवतात. जिथे त्या नीट दिसतात, तिथपासूनचं आतडं खाली ओढून गुदद्वाराशी जोडलं जातं.