सरवटेची विदर्भातली वर्षं

२०२५ च्या फेब्रुवारीअखेरीस जामठ्यावर रणजी करंडकाची अंतिम लढत झाली, विदर्भ विरुद्ध केरळ. ज्याच्या प्रत्येक विकेटला आम्ही वर्षानुवर्षं टाळ्या वाजवल्या, तो आदित्य सरवटे त्या दिवशी केरळकडून खेळत होता. पहिल्या डावात त्याने ७९ धावा करून आपल्या गोलंदाजांचा घाम काढला आणि दुसऱ्या डावात आपलेच चार गडी टिपले. सामना अनिर्णित राहिला आणि ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. आनंद झालाच, पण आपला पोट्टा समोरच्या संघात पाहताना पोटात जे तुटलं, ते करंडकाने भरून निघालं नाही.

आधीची वर्षं थोडक्यात सांगून टाकतो, कारण सांगण्यासारखं त्यांत फार नाही. आमचा चांदा (चंद्रपूर) जिल्हा पूर्वी सी. पी. अँड बेरार प्रांतात होता. १९५७-५८ पासून विदर्भाचा स्वतःचा संघ रणजीत उतरू लागला आणि १९६० साली आपण महाराष्ट्रात आलो तरी क्रिकेटमध्ये वेगळेच राहिलो. राज्य वेगळं झालं नाही, संघ मात्र वेगळा, याचा आम्हाला अभिमान. पण त्या संघाने पन्नासेक वर्षं हरण्यापलीकडे फारसं काही दाखवलं नाही. या भागाचा एक जुना अष्टपैलू मात्र विसरता येत नाही, तो म्हणजे चंदू सरवटे. सी. पी. अँड बेरारकडून सुरुवात केलेल्या या माणसाने मे १९४६ मध्ये भारतीय संघाकडून ओव्हलवर सरे काउंटीविरुद्ध दहाव्या क्रमांकावर येऊन नाबाद १२४ धावा केल्या. शूटे बॅनर्जींबरोबर शेवटच्या विकेटसाठी २४९ धावांची भागीदारी झाली आणि अकराव्या क्रमांकाच्या बॅनर्जींचंही शतक झालं. खाली येऊन डाव सावरणारे सरवटे आम्हाला असे दोनदा मिळाले.

आदित्यचा काळ २०१५ नंतरचा. उमेश यादवमुळे तोवर विदर्भाचं नाव कसोटीपर्यंत पोहोचलं होतं. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा हा मुलगा पुढे मिडलसेक्स आणि एसेक्स या काउंटींकडूनही खेळला. बल्लारपूर, माजरी, दुर्गापूरच्या खाण वसाहतींतली पोरं त्याचं नाव घरच्या माणसासारखं घेत. पण एक वेगवान गोलंदाज म्हणजे संघ नव्हे. संघ उभा राहिला तो २०१७-१८ मध्ये.

ईडन गार्डन्सवर कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवलं, तेव्हा रजनीश गुरबाणीने एका डावात सात बळी घेतले होते. मग इंदूरला दिल्लीशी अंतिम सामना. गुरबाणीची हॅट्ट्रिक सगळ्यांच्या लक्षात आहे. मला मात्र त्यानंतरची भागीदारी आठवते. दिल्लीच्या २९५ ला उत्तर देताना आपले सहा गडी परतले होते. तिथून अक्षय वाडकर आणि सरवटे यांनी सातव्या विकेटसाठी १६९ धावा जोडल्या, वाडकर १३३, सरवटे ७९. डाव ५४७ वर पोहोचला आणि दिल्लीचा जीव तिथेच गेला. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ पहिल्यांदा रणजी विजेता झाला.

तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या जाणकारांनी काय म्हटलं ते मी विसरलेलो नाही. वसीम जाफर आणला, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक आणला, विजेतेपद विकत घेतलं! दोघांचे उपकार कुणीच नाकारत नाही. पण अंतिम सामन्यात शतक वाडकरचं होतं, हॅट्ट्रिक गुरबाणीची होती आणि सहा बाद झाल्यावर जो पाय रोवून उभा राहिला तो सरवटे होता. हे तिघं पाहुणे नव्हते. नशीब म्हणणाऱ्यांना पुढच्याच वर्षी उत्तर मिळालं.

फेब्रुवारी २०१९, जामठा, सौराष्ट्र. चंद्रपूरहून वरोरा, जाम, बुटीबोरी असं गेलं की नागपूर यायच्या आधी स्टेडियम लागतं आणि रणजीला तिकीट लागत नाही. समोर चेतेश्वर पुजारा होता, दिवसभर खेळपट्टीवर तंबू ठोकणारा फलंदाज. सरवटेने चेंडू हवेत सोडला, पुजारा पुढे आला, चेंडू बॅटची कड घेऊन स्लिपमध्ये जाफरच्या हातात गेला. पुजारा १. दुसऱ्या डावात तोच गोलंदाज, तोच फलंदाज, पायचीत, शून्य. सरवटेच्या चेंडूला फार वळण नव्हतं. टप्पा मात्र एकच, षटकामागून षटक, तासन् तास. सामन्यात ११ बळी आणि दुसऱ्या डावात ४९ धावा. विदर्भ ७८ धावांनी जिंकला आणि सामनावीर तोच ठरला. यापेक्षा पूर्ण अष्टपैलू खेळ मी अंतिम सामन्यात पाहिलेला नाही.

पुढची काही वर्षं सांगण्याजोगी नाहीत. २०२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईने वानखेडेवर हरवलं, ते लागलं. त्याहून जास्त लागलं ते नंतरचं. गुरबाणी महाराष्ट्राकडे गेला, सरवटे केरळकडे. अहमदाबादच्या उपांत्य सामन्यात गुजरातला आघाडीसाठी तीन धावा हव्या असताना, त्याच्याच चेंडूवर मारलेला फटका शॉर्ट लेगच्या हेल्मेटला लागून उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. केरळ दोन धावांच्या आघाडीवर पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलं, ते आपल्या माणसाच्या हाताने.

इंग्लंडमध्ये सरवटेसारखाच डॅरेन स्टीव्हन्स नावाचा अष्टपैलू होता. देशाकडून कधीच खेळला नाही. पण केंट काउंटीने त्याला २००५ ते २०२२ सांभाळलं. वयाच्या ४३ व्या वर्षी त्याने यॉर्कशायरविरुद्ध २३७ धावा केल्या आणि त्याच सामन्यात २० धावांत पाच बळी घेतले. शेवटच्या हंगामात, ४६ व्या वर्षी, त्याने केंटबरोबर एकदिवसीय चषक जिंकला. दीर्घ सेवा केलेल्या खेळाडूसाठी काउंटीत बेनिफिटचा हंगाम ठेवायची रीत आहे. आपल्याकडे रणजीपटूला बोर्डाचा वार्षिक करार नाही. खेळलेल्या सामन्यांच्या संख्येनुसार दिवसाला चाळीस ते साठ हजार मिळतात, तेही अकरात नाव असेल तर. भारताची टोपी नाही आणि आयपीएलचा गाजावाजा नाही, अशा माणसाला धरून ठेवायला राज्य संघाकडे आपुलकीशिवाय काय असतं? ती तरी पुरेशी दाखवली का, हा माझा प्रश्न आहे. दुसऱ्या राज्याकडे जायला एक ना हरकत प्रमाणपत्र दिलं की दशकभराचं नातं संपतं, हे मला मान्य नाही.

आमच्या जंगलपट्ट्यात हे जास्त टोचतं. सिरोंच्याच्या किंवा धानोऱ्याच्या पोराला लेदर बॉलवर रोज सराव मिळणं कठीण. नागपूरला चाचणीला जायचं म्हणजे आई-बापाची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. तो रस्ता सोपा करायचं काम अजून बाकी आहे. असं असताना घडवलेला खेळाडू हातचा जाऊ देणं आपल्याला परवडतं कसं?

सरवटेची जागा आता हर्ष दुबेने घेतली आहे. तोही डावखुरा फिरकीपटू, तोही खाली येऊन धावा करणारा. २०२४-२५ मध्ये त्याने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामाचा विक्रम केला. त्यानंतर भारत अ संघाबरोबर तो इंग्लंडला गेला आणि स्टीव्हन्सच्या केंटच्या मैदानावर, कँटरबरीला खेळला. पण विदर्भ सोडून करुण नायर कर्नाटकात परतला, जितेश शर्मा बडोद्याला गेला. हर्षशी पुढच्या दहा वर्षांचं बोलणं आत्ताच करा, दुसरं राज्य दारात उभं राहायच्या आधी.