माइकची वायर आणि कूलरची मोटर

जळगाव-धुळ्याकडे अहिराणी गाणी आता घरच्या खोलीतही रेकॉर्ड होतात. कानबाईची असोत की लग्नातली, माइक पारखून घेतला जातो आणि वायर मात्र घरात पडलेली लावली जाते. मग आवाजाखाली सारखी 'घूंऽऽ' ऐकू येते आणि बोल माइकला लागतो.

साध्या डायनॅमिक माइकमधून गाताना जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात. भिंतीतली वीज २३० व्होल्टची, म्हणजे हजारो पटींनी मोठी. त्यात खानदेशातला मे महिना. कूलर बंद कोण ठेवणार? त्याची मोटर ५० हर्ट्झच्या लयीत चुंबकीय क्षेत्र पसरवत राहते आणि वायर ते पकडते.

यावरचा उपाय जुना आहे. टेलिफोनच्या तारांसाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी पिळलेल्या जोडीचे पेटंट १८८१ मध्ये घेतले. पीळ दिलेल्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट जवळजवळ सारखाच चढतो. माइकचा आवाज मात्र त्यांवर एकमेकांच्या उलट जातो. मिक्सर एकीतून दुसरी वजा करतो. गोंगाट जातो, आवाज उरतो. वरची तांब्याची जाळी विद्युत क्षेत्र अडवते, पण कूलरच्या चुंबकीय क्षेत्रापुढे तिचे फारसे चालत नाही. तिथे पीळच कामाला येतो. म्हणून दुकानात 'दोन कोअर आणि जाळी' अशीच केबल मागा. जाळी विणलेली हवी. नुसत्या फॉइलची केबल रोज गुंडाळली की आतून फाटते.

जोडणीत एक घोटाळा फार होतो. माइकच्या तीन पिनांपैकी एक नंबरला जाळी, दोन आणि तीनला तारा. ही केबल कॉम्प्युटरच्या स्टिरिओ जॅकला जोडताना काही जण दोन नंबर डाव्या बाजूला आणि तीन नंबर उजव्या बाजूला डाग देऊन टाकतात. हेडफोनवर गाणे ऐकू येते, जरा विचित्र पसरलेले. पण एकाच स्पीकरच्या मोबाइलवर डावे-उजवे एकत्र होते आणि दोन उलट्या लहरी एकमेकींना पुसून टाकतात. ढोलकी वाजत राहते, गाणारीचा आवाजच गायब! यासाठी मधे ऑडिओ इंटरफेस घेणे सर्वांत बरे.

स्पीकरचे गणित वेगळे. १०० वॅट आणि ८ ओमला सुमारे साडेतीन अँपिअर वाहतात. तिथे जाळी नको, जाडी हवी. माइकची बारीक केबल २० मीटर ओढली, तर पाव भागाहून जास्त शक्ती वायर तापवण्यातच जाते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्यात साधारण तीन टक्के.

आणि घूं घालवायला अर्थिंगची पिन कधीही काढू नका. घूं थांबेलही, पण उपकरणात बिघाड झाला तर ओठांजवळच्या माइकमध्ये वीज उतरू शकते. मिक्सर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होते.