घर दाखवणाऱ्याचा चेहरा

पुण्यामुंबईकडे जागा शोधणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट कळून चुकते. आपण घरे पाहावयाला निघालो आहोत असे त्याला वाटत असते, पण खरे म्हणजे तो माणसे पाहत हिंडत असतो. "साडेपाचला नाक्यावर या, मी तिथंच उभा असेन," एवढाच निरोप. नाक्यावर पंधरा माणसे उभी. त्यांतला आपला कोणता? मग मोबाईल काढावयाचा आणि निरोपाशेजारच्या नखाएवढ्या वर्तुळातले चित्र डोळ्यांशी न्यावयाचे. त्या वर्तुळात कधी गणपती असतो, कधी गुलाबाचे फूल, कधी एजंटसाहेबांचे दोन वर्षांचे चिरंजीव. आणि क्वचित काळा चष्मा लावून दुसऱ्याच्या मोटारीला टेकलेला एक तरुण, जो नाक्यावरच्या पंधरांपैकी कोणाशीच जुळत नाही.

'दलाल' हा शब्द आपल्याकडे विनाकारण बदनाम झाला, असे मी वर्गात नेहमी सांगतो. मूळच्या अरबी धातूचा अर्थ दाखविणे, वाट दाखविणे असा. त्या हिशेबाने दलाल म्हणजे वाटाड्या. मराठीत येईपर्यंत वाटाड्याचा वाटमाऱ्या कसा झाला, हे एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून मोजणाऱ्या भाडेकरूला विचारावे. ही बदनामी धुऊन काढण्यासाठी 'इस्टेट एजंट', 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' अशी नवी नावे आली. कायदाही आला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे, नोंदलेल्या गृहप्रकल्पातली सदनिका विकून देणाऱ्या मध्यस्थाला स्वतःची नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. तेव्हा पाटी बदलली, प्रमाणपत्र भिंतीवर लागले. राहिला तो चेहरा. आणि गिऱ्हाईक प्रमाणपत्राच्या आधी चेहराच पाहते.

डोके आणि खांदे एवढेच दाखवणाऱ्या या छायाचित्राला हल्ली 'हेडशॉट' म्हणतात. त्याचे शब्दशः भाषांतर करू नये, पोलीस यावयाचे! मराठीत त्यासाठी एक फार चांगला शब्द पूर्वीपासून आहे: तोंडओळख. मात्र ही तोंडओळख तोंडदेखली असून चालत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

अमेरिकेत या धंद्याने चेहऱ्याला जेवढे महत्त्व दिले तेवढे क्वचितच दुसऱ्या कुठल्या धंद्याने दिले असेल. तिकडे घरविक्रीच्या मध्यस्थांची राष्ट्रीय संघटना १९०८ साली शिकागोला स्थापन झाली, आणि 'रिअल्टर' हा शब्द १९१६ मध्ये मिनिआपोलिसच्या एका मध्यस्थाने घडवला. पुढे त्या रिअल्टराचा हसरा चेहरा विकाऊ घराच्या अंगणातल्या पाटीवर, बसथांब्याच्या बाकावर, फ्रिजला चिकटवण्याच्या चुंबकावर, कॅलेंडरवर, सगळीकडे झळकू लागला. आपल्याला याचे हसू येते. किराणा दुकानदार स्वतःचा फोटो तुरीच्या डाळीवर लावत नाही, असे आपण म्हणतो. पण दुकानदाराजवळ डाळ तरी असते. एजंटाजवळ काय असते? घर त्याचे नाही, पैसा त्याचा नाही, कर्ज देणारी बँक त्याची नाही. "मी सांगतो ते खरे आहे," एवढाच त्याचा माल. तो माल ज्या तोंडून निघतो ते तोंड आधी दाखवणे हे ओघानेच आले. शिवाय भेटपत्रिकेवर चेहरा ही कल्पनाही काही नवी नव्हे. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने एकाच काचेवर आठ छोटी चित्रे घेण्याची युक्ती १८५४ साली काढून तिचे पेटंट घेतले, आणि भेटपत्रिकेच्या आकाराचे फोटो एकमेकांना देण्याचे वेड त्यानंतर युरोपभर पसरले.

चेहऱ्याचा निकाल किती लवकर लागतो हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विलिस आणि तोदोरोव या दोघा संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले. अनोळखी चेहरे एक दशांश सेकंद, म्हणजे पापणी लवण्याइतक्या अवधीत दाखवून त्यांनी विचारले, हा माणूस विश्वासू वाटतो का? वेळ वाढवून दिला तरी लोकांचे मत फारसे बदलले नाही. मतावरचा त्यांचा भरवसा मात्र वाढला! मौज अशी की हे मत बरोबर असते असे मुळीच नाही. चोर सोज्ज्वळ दिसू शकतो आणि सज्जन उग्र. त्याच तोदोरोव यांनी पुढे असेही दाखवले की एकाच माणसाच्या दोन निरनिराळ्या फोटोंवरून लोक दोन निरनिराळे स्वभाव वाचतात. म्हणजे कोणता फोटो लावला यावर पुष्कळ काही अवलंबून आहे, हे कबूल करावेच लागते.

इथपर्यंत वाचून एखादा एजंट म्हणेल, मग मला शक्य तेवढा देखणा करा. इथेच गाडी घसरते. २०११ साली ब्रिटनमध्ये एक गमतीचा प्रयोग झाला. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध व्यक्तींचे प्रत्येकी वीस असे चाळीस फोटो ब्रिटिश माणसांच्या हाती देऊन, एकेका माणसाचे फोटो एकत्र लावा, असे सांगितले. ते चेहरे ओळखीचे नसल्यामुळे त्यांनी सरासरी सात-आठ ढीग लावले. माणसे दोन, ढीग सात-आठ! त्या व्यक्तींना ओळखणाऱ्या डच लोकांनी मात्र बहुतेक बिनचूक दोनच ढीग केले. आपले स्वतःचे फोटो पाहताना आपण त्या डच लोकांसारखे असतो. प्रत्येकात आपल्याला आपणच दिसतो. गिऱ्हाईक ब्रिटिश असते. त्याला सहज ओळखू येईल असा चेहरा देणे हेच या छायाचित्राचे पहिले काम. देखणेपणा नंतर, आणि जमला तर.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीने चार वर्षांपूर्वी हा व्यवसाय धरला. एम.ए.ला ती माझ्याकडे तुकाराम शिकली, आणि आता उपनगरात टू बीएचके दाखवते. त्यात मला काही विसंगत वाटत नाही, दोन्हीकडे माणसे ओळखावी लागतात. तिचा रंग चांगला सावळा. कार्डासाठी ती एका स्टुडिओत गेली. तिथल्या इसमाने न विचारता तिला गोरी केली, गालांवरची मुरुमांची वणे पुसली, हनुवटी थोडी निमुळती केली आणि वर म्हणाला, "ताई, लग्नालाही चालेल." कार्डे छापून झाली. पहिल्याच महिन्यात परगावाहून आलेले एक वयस्क जोडपे ठरल्याप्रमाणे इमारतीच्या फाटकाशी उभे होते. ही समोर जाऊन नमस्कार करते, तो आजी कार्डाकडे पाहतात, हिच्याकडे पाहतात आणि म्हणतात, "त्या बाई नाही आल्या का?" हिने सांगितले, मीच ती. आजोबांनी काही न बोलता कार्ड खिशात घातले. घर त्यांनी पाहिले, पण दर खोलीत आजोबा एकेक गोष्ट दोनदा विचारू लागले: क्षेत्रफळ नक्की एवढेच का, पाणी नक्की दोन वेळ येते का. व्यवहार झाला नाही. "सर, मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते," ती मला म्हणाली. खरेच आहे. खोटे बोलले होते ते कार्ड.

गोरे करून देण्याची ही आपल्या स्टुडिओंची जुनी खोड. लग्नाळू मुलींच्या फोटोंवर पिढ्यान्‌पिढ्या हा हात फिरला आणि 'फोटोत वेगळी दिसत होती' हे वाक्य किती घरांत किती कडवटपणे उच्चारले गेले याचा हिशेब नाही. सावळ्या चेहऱ्याला हवा असतो तो पुरेसा आणि मऊ उजेड, चुना नव्हे. त्या मुलीने दुसऱ्यांदा फोटो काढला तेव्हा छायाचित्रकाराला पहिले वाक्य ऐकवले, "रंगाला हात लावायचा नाही." तेच कार्ड आज चालू आहे.

आता थोडे प्रत्यक्ष कृतीकडे वळू. निम्मे एजंट हात लांब करून मोबाईलवर स्वतःच स्वतःचा फोटो काढतात. या दानशूर पवित्र्यात नाकाचे फार नुकसान होते. २०१८ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी हिशेब मांडून दाखवले की पाच फुटांवरून घेतलेल्या चित्राच्या मानाने बारा इंचांवरून घेतलेल्या चित्रात नाक सुमारे तीस टक्के रुंद दिसते. नाक सुधारण्याची शस्त्रक्रिया मागणाऱ्या काही रोग्यांना खरी गरज पाच फूट मागे सरकण्याची असते, असाच याचा अर्थ. म्हणून छायाचित्र दुसऱ्याने काढावे आणि पाच-सहा फुटांवरून काढावे. चांगल्या कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरच्या आसपासचे भिंग याच कारणासाठी वापरतात: लांब उभे राहूनही चेहरा चौकटभर येतो.

उजेड खिडकीचा, जमल्यास उत्तरेकडच्या, आणि किंचित बाजूने येणारा. जुने चित्रकार उत्तरेची खिडकी उगाच शोधत नसत. तिच्यातून ऊन आत घुसत नाही, नुसता प्रकाश येतो. कचेरीतल्या छताच्या नळीदिव्याखाली किंवा भर दुपारी गच्चीवर डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि सज्जन मनुष्य वसुलीला आल्यासारखा दिसतो. बुबुळांत उजेडाचे एक बारीक टिंब दिसले की चित्र जिवंत झाले असे समजावे. चष्मा रोज लावत असाल तर फोटोतही लावावा. काचेवर उजेड चमकत असेल तर काड्या कानांवरून किंचित उचलाव्यात, चमक खाली उतरते.

हसण्याविषयी छायाचित्रकार फार आग्रही असतात आणि 'चीज' म्हणावयाला लावतात. त्याने ओठ ताणले जातात, डोळे कोरडेच राहतात. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचे स्नायूही आकसतात, हे द्युशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ सालीच लिहून ठेवले आहे. चांगला छायाचित्रकार 'हसा' म्हणतच नाही. पहिले घर कोणाला मिळवून दिले, हे तो विचारतो. आणि एजंट सांगू लागला की हळूच काम उरकतो.

कपडे आपण गिऱ्हाइकाला भेटतो तेच, धुतलेले. एरवी सदरा-पँट घालणाऱ्याने फोटोपुरता उसना कोट चढवला की खांदे ओरडून सांगतात. बारीक रेघांचे कापड टाळावे, पडद्यावर त्याच्या लाटा उठतात. मागे साधी भिंत असावी. दुसऱ्याच्या बंगल्यापुढे उभे राहून काढलेला फोटो पाहणाऱ्याला उगीच बुचकळ्यात टाकतो: विकाऊ काय आहे, बंगला की हे गृहस्थ?

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हा धंदा म्हणजे रिकाम्या घरात परक्या माणसाबरोबर जाण्याचा धंदा. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील आर्कन्सॉ राज्यात घर पाहण्याच्या मिषाने बोलावून एका महिला एजंटाचे अपहरण करण्यात आले आणि तिचा खून झाला. हिचीच निवड का केली, असे वार्ताहरांनी विचारले तेव्हा आरोपीने दिलेले उत्तर असे होते की ती एकटीने काम करणारी बाई होती. तेव्हापासून तिकडे सुरक्षिततेचे धडे अधिक गांभीर्याने दिले जातात, आणि एजंट स्त्रियांना सांगतात की जाहिरातीतला फोटो नटवा नको, कामाचा हवा. भारी दागिने नकोत. वाईटाचे खापर तिच्या फोटोवर फोडावे असे यात काही नाही, फोडूही नये. पण ज्याला हजारो अनोळखी माणसे पाहणार ते चित्र आपण कामासाठी उभ्या आहोत एवढेच बोलले, तर बरे. आमच्या विद्यार्थिनीने कार्डावर फोटोखाली कचेरीचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक घातला आहे. पहिली भेट ती कचेरीतच घेते, आणि घर दाखवावयाला जाताना कोणाला, कुठे, किती वाजता हे मागे सांगून जाते. गिऱ्हाइकाकडूनही ती आधी नाव आणि ओळखपत्र मागते. चेहरा एकट्या तिनेच का दाखवावा?

पन्नास फोटोंतून एक निवडावयाचा कसा? स्वतः निवडू नये, असे शास्त्रच सांगते. १९७७ साली तिघा अमेरिकन संशोधकांनी पाहिले की आपल्याला आपला आरशातला, म्हणजे उलटा चेहरा आवडतो, आणि मित्रांना मात्र सुलटा. २०१७ च्या एका अभ्यासात तर असे दिसले की परक्यांनी निवडलेले फोटो हे आपण स्वतः निवडलेल्या फोटोंपेक्षा पाहणाऱ्यांवर चांगली छाप पाडतात. तेव्हा दहा-बारा चित्रे बाजूला काढून, आपल्याला फारसे न ओळखणाऱ्या तिघाचौघांना दाखवावीत. बायकोला दाखवू नये. ती डच आहे. शेवटी उरलेले चित्र मोबाईलच्या त्या नखाएवढ्या वर्तुळात घालून हातभर अंतरावरून पाहावे. तिथे ओळखू आले नाही तर कार्डावर कितीही उठून दिसो, बाद.

हल्ली फोटो काढण्याचेही कष्ट नकोत. घरगुती चार चित्रे यंत्राला दिली की ते कोटटायसह एक रुबाबदार गृहस्थ तयार करून देते. गृहस्थ आपल्यासारखाच दिसतो, फक्त तो कधी अस्तित्वात नव्हता. ज्या माणसाने गिऱ्हाइकाला सांगावयाचे की नकाशावरची गॅलरी प्रत्यक्षातही आहे, त्याने असला फोटो लावावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी तर त्याच्याकडून घर घेताना टेप घेऊन जाईन.

एक कायद्याची गोष्ट सांगावयाची राहिली. पैसे देऊन आपण आपला फोटो काढवून घेतला, आणि उलट करार केलेला नसला, तर १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे त्या फोटोचा पहिला मालक काढवून घेणारा असतो. तेव्हा पैसे देताना मूळ मोठी प्रत मागून घ्यावी, नुसत्या छापील प्रतींवर निघून येऊ नये. आणि फोटोच्या पाठीवर किंवा फाईलच्या नावात तारीख घालावी. एजंटाची नोंदणी पाच वर्षांची असते. कार्डावरच्या चेहऱ्याला एवढी मुदत देता येत नाही. दाढी ठेवली, चष्मा लागला, केस पांढरे होऊ दिले, की त्याच आठवड्यात पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसावे.