खुंट जंबेरीचा, फळ संत्र्याचं

शेंदूरजनाघाटच्या पोराला कलम म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यात वसलेल्या या गावातून संत्र्याची कलमं दूरदूरच्या बागांत जातात आणि कित्येक घरं पन्हेरीवरच, म्हणजे कलमांच्या रोपवाटिकेवरच, चालतात. जंबेरी या लिंबाच्या जातीचं बी पेरायचं, रोपाचं खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की काप घेऊन संत्र्याचा डोळा बांधायचा, डोळा फुटला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकायचा. पुढे झाडाला संत्री लागतात; मुळं मात्र जन्मभर जंबेरीचीच राहतात.

नववीच्या वर्गात एवढंच विचारावं: मग हे झाड कोणतं? ज्याचं फळ त्याचं झाड, असं बरेच जण म्हणतील. एखादा हटकेल, "पानी तं जंबेरीच पेते ना!" डिंक्या रोगानं बुंधा सडला की वरचं सगळं वाळतं, हे त्यानं घरच्या बागेत पाहिलेलं असतं. वाद रंगला की पुढचा प्रश्न टाकावा. पहिलीत होतास तेव्हाचे दुधाचे दात गेले, आवाज बदलला, उंची वाढली, तेव्हाचं बरंचसं आठवतही नाही. तरी तो मुलगा तूच, हे कशावरून? इथे वर्ग शांत होतो, आणि ती शांतता शिक्षकानं घाईनं मोडू नये.

हा प्रश्न फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला त्याच्याच रथाबद्दल विचारतात: चाकं म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? प्लुटार्कनं थिसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली. त्याच्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या आणि जहाज तेच राहिलं की नाही, यावर विद्वान भांडत बसले. पण मुलांना रथ आणि जहाज नंतर दाखवावं. आधी पन्हेरी.

वऱ्हाडात तर ओळखीच्या उदाहरणातून शिकवण्याच्या या पद्धतीला सात शतकांहून मोठी परंपरा आहे. शेजारच्या मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं महास्थान. गोविंदप्रभूंचं गाव हेच, आणि म्हाइंभटांनी पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या आठवणी लीळाचरित्रात लिहून काढल्या त्याही इथेच. चक्रधरस्वामी अवघड तत्त्वज्ञान गोष्टींतून सांगत. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि स्वतंत्र आहेत, ही त्यांची मांडणी कोणत्याही दर्शनाच्या तोडीची आहे. पण ती पटवायला ते शेत, बाजार, घरदार यांतलं साधं उदाहरण घेत. केसोबासांनी या गोष्टी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केल्या. ११४ दृष्टांत, आणि प्रत्येकाचे तीन भाग: आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी त्याचा अर्थ उलगडणारं दार्ष्टांतिक. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यांत आहेच. ज्याच्या हाती जे अवयव लागले, तेवढाच त्याचा हत्ती.

ही गोष्ट वर्गात सांगताना दार्ष्टांतिक मागे ठेवावं, असं मला ठामपणे वाटतं. प्रत्येकाला सत्याचा एकेक भाग कळतो, हे तात्पर्य शिक्षकानं सांगून टाकलं की वही मिटते. न सांगता थांबलं, तर कुणीतरी खरा प्रश्न विचारतं: अख्खा हत्ती पाहिला कोणी? सगळेच चाचपणारे असतील, तर ते आंधळे आहेत हे सांगणारा कोण? सारी ज्ञानमीमांसा त्या प्रश्नात आहे.

असं विचारणाऱ्या मुलीला ‘फार बोलते’ म्हणून बसवू नये. चक्रधरस्वामींची शिष्या आणि मराठीची आद्य कवयित्री महदंबा अशीच सतत विचारणारी होती. लीळाचरित्रात तिच्या शंका पानोपानी नोंदल्या आहेत. गुरूच्या उत्तराबरोबर शिष्येचा प्रश्नही जपून ठेवावा, एवढा मान त्या ग्रंथानं प्रश्नाला दिला. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

दुसरी परंपरा गाडगेबाबांची. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे बाबा शाळा शिकले नव्हते, पण त्यांचं कीर्तन प्रश्नांवर चाले. ते विचारत, हजारो माणसं एका सुरात उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. देव, नवस, कर्ज, दारू, काहीही सुटत नसे. त्यांच्या अखेरच्या काळातलं एक कीर्तन ध्वनिमुद्रित आहे; ते वर्गात जरूर ऐकवावं. बाबा लोकांना कुठे नेणार हे मात्र त्यांनी आधीच ठरवलेलं असे. त्यांच्या आयुष्यानं त्यांना तो अधिकार दिला होता. वर्गातल्या शिक्षकाला तो नाही, म्हणून त्यानं एक पायरी अलीकडेच थांबावं.

अमेरिकेत मॅथ्यू लिपमन यांनी हे थांबणं शिस्तीत बसवलं. विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवताना त्यांना जाणवलं की विचार करायला शिकवण्यास तिथे फार उशीर झालेला असतो. त्यांनी मुलांसाठी तात्त्विक कादंबऱ्या लिहिल्या आणि १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर इथे संस्था काढली. मुलं गोल बसतात, गोष्टीचा भाग मोठ्यानं वाचतात, मग प्रश्न विचारतात. प्रत्येक प्रश्न फळ्यावर जातो आणि त्यापुढे विचारणाऱ्याचं नाव लिहिलं जातं. फ्रान्समध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञानाची चार तासांची परीक्षा असते. आपल्याकडे अकरावी-बारावीला तत्त्वज्ञान हा ऐच्छिक विषय आहे, बालभारतीचं पुस्तकही आहे. पण तोवर पोरांची विचारायची सवय मोडलेली असते. नववीला गोल बसवायला सतरंजी पुरते.

एका बाबतीत मात्र जपून पाऊल टाकावं लागतं. आल्बेर काम्यूनं १९४२ च्या ‘सिसिफसची मिथककथा’ या पुस्तकाची सुरुवातच आत्महत्येच्या प्रश्नानं केली. वऱ्हाडातल्या वर्गात तो प्रश्न पुस्तकातला राहत नाही. एखाद्या बाकावर ते दुःख बसलेलं असतं. म्हणून इथे काम्यूपासून सुरुवात नको. कोणाच्या घरी काय घडलं आहे हे शिक्षकाला आधी ठाऊक हवं, आणि ते घर वर्गाचं उदाहरण कधीही होता कामा नये. जगणं चांगलं कशानं होतं, आजीला कशासाठी जगावंसं वाटतं, असं विचारता येतं. एखाद्या वहीत काळजी वाटावी असं काही दिसलं, तर त्या दिवशी तत्त्वज्ञान बाजूला ठेवावं. त्या मुलाजवळ बसावं, घरच्यांना आणि समुपदेशकाला गाठावं. त्या मुलाला तेव्हा चर्चा नको असते, जवळ माणूस हवं असतं.

वर्षाच्या शेवटी पाण्याचा प्रश्न घ्यावा. वरुड-मोर्शी पट्ट्यातला भूजलाचा उपसा भरणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आहे. विहिरी आटल्या आणि बोअर शेकडो फूट खाली गेले. शेत माझं, बोअर माझा, मग खालचं पाणी कोणाचं? अजून जन्मालाच न आलेल्या माणसाचा त्यावर हक्क असू शकतो का? जो नाही, त्याचं आपण देणं कसं लागतो? याचं उत्तर घरातल्या मोठ्यांकडेही तयार नसतं, आणि मुलांना ते लगेच कळतं. त्या दिवशी गृहपाठ एकच द्यावा: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं, की पूर्वी विहिरीला पाणी किती हातांवर होतं, आणि ते खाली जाऊ लागलं तेव्हा घरात काय बोलणं झालं.