झाडू कोणाच्या हाती?

पैनगंगेच्या या काठावरील आम्हा आदिलाबादकर मराठी कुटुंबांना नांदेड कधीच परके वाटले नाही. सोयरीक, बाजारहाट, दुखणेबाणे, साऱ्यांसाठी ती वाट पायाखालची. म्हणूनच ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी तेथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले आणि त्यांत १२ नवजात अर्भके होती, हे वृत्त येथे घरातल्या दुःखासारखे येऊन पोचले.

संतापलेल्या एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय स्वच्छ करविले. ते दृश्य देशभर गाजले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून लक्ष घातले, तेव्हा वरिष्ठ डॉक्टरांच्या ९७ मंजूर पदांपैकी अवघी ४९ भरलेली असल्याचे समोर आले. खाटा सुमारे पाचशे, आणि रुग्ण त्याहून कितीतरी अधिक!

वाचकहो, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऊब हवी, त्याच्या श्वासावर अखंड नजर हवी, हाताळणाऱ्याचे हात दर वेळी धुतलेले हवेत. एकाच परिचारिकेवर अनेक बाळे सोपविली, की यांतील काही ना काही सुटतेच. तो तिचा निष्काळजीपणा नव्हे, ते अंकगणित आहे. एका शिक्षकाकडे पाच वर्ग सोपवून निकालाचा जाब मागावा, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या जिल्ह्यालाही हा धडा लागू आहे. आदिलाबादेत २००८ साली राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था उभी राहिली, ही मोठीच सोय झाली. आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र व वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा शासकीय निकषही आहे. परंतु इमारत निधीच्या एका हप्त्यात उभी राहते. माणसे मात्र वर्षानुवर्षे वेतन, निवास आणि विसावा देऊनच टिकतात. सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचे ध्येय होते. ते वर्ष सरले. ध्येय दूरच राहिले.

ऐपतदार मंडळी खासगी दवाखान्याची वाट धरतात. मागे उरतो तो उत्नूरकडचा गोंड, कोलाम आणि गावोगावचा शेतमजूर. त्याच्या वतीने आपण बोलले पाहिजे. शाळेच्या फळ्यावर पट आणि हजेरी रोज लिहिली जाते. तशीच मंजूर पदे, भरलेली पदे आणि संपलेली औषधे प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या दारी लिहिली जावीत, एवढी मागणी तरी आपण ग्रामसभेत करू या.