खारेपणाचें माप



गेल्या वर्षीं माझ्या नातवानें घरांत समुद्राच्या पाण्याची एक कांचेची टांकी मांडली आणि तींत एक तारामासा आणून सोडला. दर रविवारीं तो पाण्याचा खारेपणा मोजी आणि वहींत ३५ हा आंकडा लिही. वही निर्दोष राहिली. तारामासा मात्र दोन महिन्यांतच दगावला. पुढें आम्हीं तें उपकरण ऊर्ध्वपातित पाण्यावर तपासलें, तों तें शून्याऐवजीं ४ दाखवूं लागलें! म्हणजे वहींत ३५ लिहिलें जात असतां टांकींत ३१ च्या आसपासच क्षार होते. तारामासा केवळ याच कारणानें मेला असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. परंतु ज्या आंकड्यावर आम्हीं विसंबलों तो खोटा होता, एवढें निश्चित.

एक किलोग्रॅम सागरजलांत सरासरीनें ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाला आपल्या रक्तांतील क्षारांचें प्रमाण पुष्कळसें राखतां येतें. तारामाशाला ही सोय नाहीं. त्याच्या अंगांतील द्रव बाहेरच्या पाण्याइतकाच खारा असतो. बाहेरचें पाणी अळणी होतांच तें त्याच्या शरीरांत शिरूं लागतें.

मग पाणी आटवून उरलेलें मीठ तोलावें, हें सोपें नव्हे काय? दुर्दैवानें नाहीं. सागरजलांतील मॅग्नेशियमचे क्षार पाणी धरून ठेवतात, आणि फार तापविल्यास त्यांतील कांहीं भाग वायुरूपानें निघून जातो. परंतु ‘चॅलेंजर’ जहाजानें १८७२ ते १८७६ या काळांत जमविलेल्या पाण्याचे ७७ नमुने तपासून डिटमार या रसायनशास्त्रज्ञानें १८८४ सालीं दाखविलें कीं, खारेपणा कमीअधिक असला तरी मुख्य क्षारांचें परस्परांशीं प्रमाण जवळजवळ सारखेंच असतें. म्हणून पाण्याचा एखादाच गुण मोजून सर्व क्षारांचा अंदाज करतां येतो.

घरगुती उपकरणें दोन प्रकारचीं. एक, दुधाची परीक्षा करणाऱ्या नळीसारखी पाण्यांत तरंगणारी नळी. पाणी जितकें खारें, तितकी ती वर उचलली जाते. तिला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकावे, आणि तिच्यावर लिहिलेल्या उष्णतामानाचें पाणी घ्यावें. दुसरें, वक्रीभवनमापक. त्याच्या कांचेवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून अर्धा मिनिट थांबावें आणि उजेडाकडे धरून आंकडा वाचावा. नातवाचें उपकरण याच जातीचें होतें.

हें उपकरण ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्य दाखवितें ना, एवढेंच पुष्कळ लोक पाहतात. तें आवश्यक आहे, पण पुरेसें नाहीं. रिकामा तराजू समतोल दिसला म्हणून भरल्या तराजूवर डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. बाजारांतील कित्येक वक्रीभवनमापक साध्या मिठाच्या पाण्यासाठीं आंखलेले असतात. असा मापक शून्यावर अचूक असूनहि सागरजलांत ३५ दाखवितो, तेव्हां खरा आंकडा ३३.५ च्या जवळपास असतो. म्हणून जेथें आपलें काम, त्या ३५ पाशींच त्याची परीक्षा घ्यावी.

त्यासाठीं ३६.५ ग्रॅम स्वयंपाकाचें मीठ ९६३.५ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यांत विरघळवावें. या पाण्यांतून प्रकाश ३५ खारेपणाच्या सागरजलांतून वांकतो तितकाच वांकतो. हें पाणी घातल्यावर मापकानें ३५ दाखविलें पाहिजे; न दाखविल्यास त्याचा स्क्रू फिरवून ३५ वर आणावा. तोलतांना काटा मात्र बारीक हवा. मिठांत एका ग्रॅमची चूक झाली तर मापांत जवळजवळ एकाची चूक होते. पावसाळ्यांत मीठ ओल धरतें, म्हणून तें तव्यावर कोरडें करून, निववून मग तोलावें. ही कृति वक्रीभवनमापकापुरतीच. तरंगत्या नळीला ती लागू नाहीं.

माप खरें झाल्यावर एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. टांकींतील पाणी उडून जातें, मीठ उडत नाहीं. १०० लिटरांतून ३ लिटर पाणी उडालें कीं ३५ चे ३६ होतात. ही तूट गोड्या, शुद्ध पाण्यानेंच भरून काढावी. खारें पाणी घालीत गेल्यास खारेपणा वाढतच जातो.

आतां माझा नातू दर महिन्यास प्रथम मापकाची परीक्षा घेतो आणि मग पाण्याची. वहींत त्यानें त्यासाठीं एक नवा रकाना आंखला आहे. नवा तारामासा आणावयाचा, तो हा रकाना तीन महिने बिनचूक भरल्यावरच, असें त्यानें स्वतःच ठरविलें आहे.