टंकलेखन : आधी अचूकता, मग गती

शासनाचा निर्णय कितीही लोकहिताचा असला, तरी तो कागदावर उतरून, स्वाक्षरी होऊन संबंधितांच्या हाती पडेपर्यंत त्याचा लाभ कोणालाही मिळत नाही. मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयापासून ग्रामपंचायतीच्या रहिवासी दाखल्यापर्यंत सर्वत्र हेच घडते. हा कागद ज्या हातांनी तयार होतो त्या हातांकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. पूर्वी ते हात टंकलेखकाचे असत. कार्यासनातील लिपिकाने मसुदा लिहावा, अधिकाऱ्याने तो दुरुस्त करावा आणि टंकलेखकाने त्याची स्वच्छ प्रत काढावी, अशी कामाची विभागणी होती. आज संगणकाने ही विभागणी जवळजवळ पुसून टाकली आहे. तहसील कार्यालयातील अव्वल कारकून, शाळेचे मुख्याध्यापक, विस्तार अधिकारी आणि अनेक ठिकाणी सरपंचही स्वतःच पत्र तयार करतात. सर्वांनाच टंकलेखन करावे लागते. ते शिकण्याची संधी मात्र फार थोड्यांना मिळालेली असते.

मराठीतून राज्यकारभार चालवावयाचा तर शब्दांइतकीच साधनांचीही तयारी लागते. ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि पदनाम कोशासारख्या कोशांतून प्रशासनाला मराठी शब्द मिळू लागले. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा झाली. हे शब्द कागदावर उमटविण्याचे काम मराठी टंकलेखन यंत्राने केले. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले आणि पुढील अनेक दशके तालुक्याच्या गावापर्यंत या यंत्रांची टकटक ऐकू येत राहिली. २००९ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तेव्हा बहुतेक कार्यालयांत संगणक येऊन स्थिरावला होता.

यंत्राने लावलेली शिस्त

जुन्या यंत्राने टंकलेखकाला चुकण्याची मुभाच ठेवलेली नव्हती. मूळ कागदाखाली कार्बन लावून तीन-चार प्रती एकदम काढल्या जात. एक अक्षर चुकले तर प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे खोडून दुरुस्त करावी लागे. चक्रमुद्रणासाठी मेणकागद कापताना चूक झाली तर ती द्रव लावून बुजवायची, तो वाळेपर्यंत थांबायचे आणि त्याच जागी पुन्हा अक्षर ठोकायचे. ओळ संपत आल्याची घंटा वाजली की पुढचा शब्द समासात मावेल की नाही, याचा निर्णय क्षणात घ्यावा लागे. या त्रासातून हात हळूहळू जपून चालू लागे, आणि जपून चालणारा हातच पुढे वेगवान होई.

संगणकावर चूक पुसण्यास एक कळ पुरते. ही सोय मोठीच आहे; परंतु तिच्यामुळे चुकीचे भय गेले आणि भयाबरोबर काळजीही गेली. शिकाऊ माणूस भराभर कळा दाबतो, पडद्यावर चूक दिसली की मागे येतो, पुसतो आणि पुन्हा लिहितो. बोटे सतत चालू असल्याने आपण वेगाने काम करीत आहोत असे त्याला वाटते. प्रत्यक्षात एका चुकीच्या अक्षरासाठी चुकीची कळ, पुसण्याची कळ आणि योग्य कळ असे तीन आघात खर्च होतात, शिवाय नजर मसुद्यावरून पडद्यावर जाऊन परत येते. या जाण्या-येण्यातच एखादी ओळ वगळली जाते.

आकाराकडून उच्चाराकडे

यंत्राकडून संगणकाकडे येताना मराठी टंकलेखकाला आणखी एक पालट पचवावा लागला. यंत्रावर अक्षर त्याच्या आकाराप्रमाणे घडविले जाई. रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर ‘आर्थिक’ हा शब्द अ, काना, वेलांटी, अर्धा थ, पुन्हा काना, रफार आणि क अशा क्रमाने सात आघातांत उमटतो. वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधी, आणि रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो म्हणून नंतर. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेला आणि १९८८ मध्ये सुधारलेला इन्स्क्रिप्ट कळफलक उच्चाराचा क्रम मानतो. त्यावर हाच शब्द आ, र, पायमोड, थ, वेलांटी, क असा सहा आघातांत होतो. वर्षानुवर्षे यंत्रावर काम केलेल्या माणसाची बोटे या ठिकाणी अडखळतात, यात नवल नाही. नव्याने शिकणाऱ्याला मात्र हा क्रम सोपा जातो, कारण शब्द जसा बोलला जातो तसाच तो लिहिला जातो.

या कळफलकाची रचना समजून घेण्यासारखी आहे. स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. न, म, व यांसारखी काही अक्षरे तेवढी डावीकडे खालच्या ओळीत आली आहेत. क आणि ख, ग आणि घ, त आणि थ अशा जोड्या एकाच कळेवर असून महाप्राण अक्षरासाठी शिफ्टची कळ दाबावी लागते. मराठीत व्यंजनामागून स्वरचिन्ह येत असल्याने दोन्ही हात आळीपाळीने चालतात. एक बोट कळ दाबीत असताना दुसऱ्या हाताचे बोट पुढच्या कळेवर पोचलेले असते. गतीचे मर्म यातच आहे. मधल्या ओळीवर डावीकडे ओकार, एकाराची मात्रा, पायमोड, ऱ्हस्व वेलांटी आणि ऱ्हस्व उकार येतात, तर उजवीकडे प, र, क, त, च आणि ट. त्यामुळे ‘पत्र’, ‘प्रत’ आणि पत्राच्या आरंभी येणारा ‘प्रति’ हे तिन्ही शब्द बोटे मधल्या ओळीवरून न हलविता लिहिता येतात. शिक्षकांनी पहिला धडा अशाच शब्दांनी सुरू करावा. निरर्थक अक्षरमाला घोटण्यापेक्षा कामाचा शब्द पहिल्याच दिवशी उमटला तर शिकणाऱ्याचा हुरूप वाढतो.

दोन्ही तर्जनींच्या मूळ कळांवर, म्हणजे ऱ्हस्व वेलांटीच्या आणि र च्या कळेवर, बोटाला जाणवेल असा उंचवटा असतो. न पाहता बोटे जागेवर आणण्यासाठीच तो ठेवलेला आहे. कळफलकाकडे न पाहता दहा बोटांनी लिहिण्याची पद्धत नवी नाही. १८८८ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे झालेल्या स्पर्धेत फ्रँक मॅकगुरिन या न्यायालयीन लघुलेखकाने कळांकडे न पाहता लिहून प्रतिस्पर्ध्याला मागे टाकले आणि ही पद्धत जगाच्या डोळ्यांत भरली. दोन बोटांनी लिहिण्याची सवय जडलेल्या अधिकाऱ्याने ती स्वीकारली तर आरंभी त्याचा वेग घटतो. पुष्कळ जण नेमके याच टप्प्यावर कंटाळून जुन्या सवयीकडे वळतात. रोजचे तातडीचे काम काही दिवस जुन्या पद्धतीने उरकून, सकाळचा अर्धा तास मात्र नियमाने नव्या पद्धतीला देणे हा त्यावरील व्यवहार्य मार्ग होय. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा हा अर्धा तास अधिक फळ देतो. सरावाचा उतारा बिनचूक होईपर्यंत वेग वाढवू नये.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांची अथवा इंग्रजीत ४० शब्दांची गती प्रमाणपत्राद्वारे आवश्यक धरली जाते. पाच आघातांचा एक शब्द हा इंग्रजीतील रूढ हिशेब मराठीला लावला तर ३० शब्द म्हणजे मिनिटाला १५० आघात, सेकंदाला अडीच. ही गती अवघड नाही. ‘जिल्हाधिकारी’ या एका शब्दाला मात्र १२ आघात लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे कार्यालयीन मराठी लिहिताना वेग का मंदावतो ते कळते.

एका कळेचा फरक

मराठीत एका कळेने अर्थ पालटतो. ‘आचार्यांना बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ यांतील पाहुणे वेगळे आहेत. साध्या र ऐवजी शिफ्टसह र ची कळ दाबली, पुढे पायमोड व य दिला की ‘ऱ्य’ मिळतो. ही कळ ठाऊक नसल्याने ‘अधिकार्यांना’ असे रूप अनेक परिपत्रकांतून वाचावे लागते. सभेची नोटीस ‘दीन’ आणि ‘दिन’ यांतील भेद न करता निघते. ‘मंजूर’च्या आधीचे ‘ना’ गळले तर अर्जदाराला न मिळालेली गोष्ट कागदावर मिळते.

नावांच्या बाबतीत परिणाम अधिक दूरवर जातात. जन्मनोंदीत ‘शिंदे’चा अनुस्वार राहून गेला की ‘शिदे’ शाळेच्या दाखल्यावर येतो, तेथून जातीच्या दाखल्यावर आणि पुढे नोकरीच्या कागदांवर. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ नुसार अशी चूक दुरुस्त करता येते. परंतु मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्ती लिहावी लागते. त्यासाठी पुरावे गोळा करायचे, तालुक्याच्या गावी खेटे घालायचे आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची, हे सर्व ज्याची चूक नाही त्याच्या वाट्याला येते.

पत्राची मांडणी

शासकीय पत्राचा नमुना केवळ परंपरेने चालत आलेला नाही. जावक क्रमांक व दिनांक वर असतात, कारण पत्र शोधताना प्रथम तेच पाहिले जातात. विषय एका वाक्यात असावा. संदर्भात आधीच्या पत्राचा क्रमांक व दिनांक असल्याखेरीज नस्ती सापडत नाही. डावा समास रुंद ठेवतात, कारण कागद नस्तीत ओवला गेल्यावरही ओळीचा आरंभ वाचता आला पाहिजे. सोबतच्या कागदांची संख्या लिहिली नाही तर वाटेत एखादा गहाळ झाल्याचे कोणालाच समजत नाही. परिपत्रक, ज्ञापन, अर्धशासकीय पत्र यांची रूपे भिन्न आहेत, ‘प्रिय श्री.’ने आरंभ होणाऱ्या अर्धशासकीय पत्रात व्यक्तिशः लक्ष घालण्याची विनंती असते, म्हणून ते ऊठसूट पाठवू नये.

संगणकावर ही मांडणी मोकळ्या जागेची कळ वारंवार दाबून साधण्याची खोड सर्वत्र आढळते. आपल्या पडद्यावर सर्व जागेवर दिसते, दुसऱ्या यंत्रावर पत्र उघडताच दिनांक ओळीच्या मध्यावर येतो. समास, परिच्छेद आणि तक्ता यांच्या ठराविक सोयी एकदा शिकून घेतल्या की हा त्रास संपतो. रकमांचा रकाना उजवीकडे जुळवलेला असावा. एककाखाली एकक आले तर बेरजेतील चूक नजरेनेच पकडता येते. मजकूर युनिकोडमध्येच असावा, कारण जुन्या फाँटमधील मजकूर दुसरीकडे निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतो आणि त्यात शोधही घेता येत नाही. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षररूपे प्रमाणित केली आहेत. फाँट निवडताना ल आणि श यांची मराठी रूपे त्यात आहेत की नाहीत हेही पाहावे.

आजच्या सर्वाधिक चुका मात्र जुन्या पत्रावरून नवे पत्र बेतताना होतात. नाव बदलले जाते, रक्कम बदलली जाते आणि संदर्भातील दिनांक मागच्या वर्षीचा तसाच राहतो. पडद्यावर सर्व काही नीटनेटके दिसत असल्याने ही चूक डोळ्यांना खुपत नाही. जुन्या कार्यालयांत स्वच्छ प्रत मसुद्याशी ताडून पाहण्याची पद्धत होती: एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवावे. संपूर्ण पत्रासाठी आज तितका वेळ नसेल, पण नावे, दिनांक, गट क्रमांक आणि अंकी व अक्षरी रकमा यांपुरती ही पद्धत कोणत्याही कार्यालयाला पाळता येईल. यास दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. एकदा आदेश जावक झाला की चूक सुधारण्यासाठी शुद्धिपत्रक काढावे लागते. त्याला स्वतंत्र टिपणी, स्वतंत्र क्रमांक आणि पुन्हा स्वाक्षरी लागते. आणि मूळ आदेश ज्या ज्या टेबलावर पोचला तेथे शुद्धिपत्रकही पोचेलच, असे नाही.